माशाची नस आणि माझं बोट

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर नानांनी एक फॉरवर्ड टाकला. प्रयोगशाळेतला फोटो, काचेच्या छोट्या टाक्यांच्या रांगा, त्यात पट्ट्यापट्ट्यांचे इवलेसे मासे. खाली मजकूर असा की, तुमच्या-आमच्या करातून पगार घेणारे हे शास्त्रज्ञ माशांच्या नसा कापतात आणि त्या पुन्हा वाढतात का ते बघत बसतात. त्यापुढे हसून हसून रडणाऱ्या तोंडांची रांग. लगेच तिघा-चौघांचे अंगठेही आले.

नाना म्हणजे माझ्या यजमानांचे काका. वाईट माणूस मुळीच नाही. एस.टी.त आयुष्य काढलं, आजही पेन्शनमधून गावाकडच्या एखाद्या पोराची फी भरतात. त्यामुळे करातल्या पैशाचा हिशेब मागायचा हक्क त्यांना माझ्याइतकाच, कदाचित जास्तच आहे.

मी उत्तर टाईप करायला घेतलं आणि थांबले. कारण मोबाईलवर उजव्या हाताच्या तर्जनीने टाईप करताना मला आजही वाटतं की अक्षरं मधल्या बोटाने दाबतेय. डोळ्यांना दिसतं एक बोट, डोक्याला कळतं दुसरंच. गेली चार वर्षं हे असंच आहे आणि त्याचा त्या माशांशी थेट संबंध आहे. म्हणून ग्रुपवर दोन ओळी टाकण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितेय. पोस्ट लांब आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

मी बँकेत आहे, त्यातली बरीच वर्षं कॅशला काढलेली. साडेचार वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत खिडकीची काच फुटली आणि मनगटाच्या आतल्या बाजूला कापलं. रक्त बघून घरचे घाबरले, जवळच्या दवाखान्यात नेलं, टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, घरी. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर वाटतंय असं मी सांगितलं होतं. "सूज आहे, उतरली की जाईल," असं उत्तर मिळालं. सूज उतरली. बधिरपणा तिथेच. तीन आठवड्यांनी एका ओळखीच्या बाईंनी हात बघितला, अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग दुसऱ्या हाताच्या मानाने बसलेला दिसला आणि त्या म्हणाल्या, आजच्या आज हाताच्या सर्जनकडे जा.

मनगटाच्या मधोमध जाणारी मीडियन नर्व्ह पूर्ण तुटली होती. वर कातडी शिवली होती, आत नस तशीच दोन तुकड्यांत.

आता 'नस' हा आपला शब्द फार गोंधळ करतो. रक्ताची नळीही नस, शीरही नस, आणि मेंदूकडून हाताकडे निरोप नेणारी तीही नस. मी म्हणतेय ती ही तिसरी, पुस्तकातला मज्जातंतू. ती पोकळ नळी नसते, केबलसारखी असते. एका वेष्टनात हजारो बारीक धागे, प्रत्येक धागा म्हणजे पाठीच्या कण्यात किंवा त्याच्या शेजारी बसलेल्या एका पेशीचा लांबलचक हात. सर्जन मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक दोऱ्याने वेष्टन शिवतात. आतले हजारो धागे एकेक करून कुणालाच जुळवता येत नाहीत. शिवाय तुटल्या जागेच्या पुढचा, बोटांकडचा धाग्याचा भाग जगत नाही, तो मरून विरघळतो. नवा कोंब मनगटापासून फुटतो आणि जुन्या रिकाम्या वाटेने बोटाच्या टोकापर्यंत चालत जातो. वेग साधारण दिवसाला एक मिलिमीटर. माझ्या मनगटापासून तर्जनीच्या टोकापर्यंत सतरा सेंटिमीटर भरले. घ्या हिशेब करून.

डॉक्टर दर महिन्याला बोटाने टकटक करत हाताच्या तळव्यावरून पुढे जायचे. ज्या जागी झिणझिण्या यायच्या तिथपर्यंत कोंब पोचले असं समजायचं. झूल तिनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, जखमी सैनिकांवरून ही खूण लिहून ठेवली. शंभर वर्षं उलटली तरी सर्जनच्या हातात पहिली तपासणी तीच. मी घरी पेनाने खुणा करायची. तारीख घालून. भिंतीवर पोराची उंची लिहितात तशी.

सात-आठ महिन्यांनी तर्जनीच्या टोकाला काहीतरी कळायला लागलं. आनंद झाला, पेढे वाटले. मग एक दिवस सासूबाईंनी माझे डोळे मिटायला सांगून तर्जनीला हात लावला आणि विचारलं, कुठलं बोट? मी म्हटलं, मधलं. त्या हसल्या, त्यांना वाटलं चेष्टा करतेय.

चेष्टा नव्हती. नस वाढली होती, पण तर्जनीच्या वाटेवरचे धागे मधल्या बोटात शिरले होते आणि मधल्याचे कुठे तर्जनीत, कुठे अंगठ्यात. मेंदू जुनाच नकाशा धरून बसलेला. लहान मुलांचा मेंदू नवा नकाशा बऱ्यापैकी शिकतो, पंचेचाळिशीतला शिकत नाही किंवा फार थोडं शिकतो. थेरपिस्ट बाईंनी तांदूळ, मसूर, वाटाणे वेगवेगळ्या वाट्यांत घालून डोळे मिटून ओळखायला लावलं, अजूनही अधूनमधून करते. पण नोटा मोजण्यात जी बोटांची सफाई होती ती गेली. दोन नोटा चिकटून आल्यात हे ज्याला कळायला हवं ते बोट आता खात्रीचं राहिलेलं नाही. मला कॅशवरून उठवून दुसरं टेबल दिलं. कुणी काही वाईट बोललं नाही, पण आपल्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं रोज बघणं वेगळंच असतं.

माझी भाची पुण्यात पीएच.डी. करते. तिच्या प्रयोगशाळेत नसांवर काम नाही, पण मासा तोच, झेब्राफिश. ती म्हणाली, "मावशी, तुझी नस वाढली, पण पत्ता चुकली. आणि पत्ता कसा सापडतो हे बघायचं असेल तर माझ्याकडे ये."

गेले. तिने पाच दिवसांचं पिल्लू मायक्रोस्कोपखाली ठेवलं. जेमतेम चार मिलिमीटर, पांढऱ्या फुलाच्या पाकळीसारखं आरपार. हृदय धडधडताना दिसतं, रक्तातल्या पेशी एकामागून एक पळताना दिसतात. काही न कापता, काही न उघडता. मी दहा मिनिटं डोळा काढला नाही. मग तिने लॅपटॉपवर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मायकेल ग्रानाटो यांच्या गटाचं काम दाखवलं. त्यांनी माशाच्या नसांमधले धागे चमकतील अशी जनुकं घातलेली पिल्लं वाढवली, पिल्लाला पाण्यातून भूल दिली आणि लेसरने एक बारीकशी नस कापली. पुढचे दोन दिवस त्या नसेची फिल्म.

आता हे महत्त्वाचं का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल. तुटलेल्या नसेचा पुढचा भाग मरतो हे पहिल्यांदा नीट दाखवलं ऑगस्टस वॉलर याने, १८५० साली, लंडनमध्ये. कशावर? बेडकाच्या जिभेवर. बेडकाच्या जिभेच्या नसा कापायच्या आणि दिवसागणिक काय होतं ते बघायचं. व्हॉट्सअ‍ॅप तेव्हा असतं तर त्याचंही काही खरं नव्हतं. आज जगातला प्रत्येक हाताचा सर्जन त्या मरण्याला वॉलरचंच नाव देतो. पण वॉलरपासून पुढची दीडशे वर्षं एक अडचण कायम राहिली. उंदराची नस कापली तर आज काय झालं ते बघायला उंदीर मारावा लागतो, उद्या काय झालं ते बघायला दुसरा उंदीर. फोटो मिळतात, सिनेमा मिळत नाही. आणि वळणावर नेमकं काय घडतं हे फोटोत कधीच दिसत नाही. गाडी नाक्याआधी एक फोटो आणि चुकीच्या गल्लीत एक फोटो, एवढ्यावरून ड्रायव्हर का चुकला ते कसं कळणार?

माशात सिनेमा मिळाला. आणि त्यात दिसलं काय?

२०१२ च्या त्यांच्या कामात दिसलं की नस कापली की शरीरातल्या साफसफाई करणाऱ्या पेशी, मॅक्रोफेज, धागे तुटून तुकडे व्हायच्या आधीच तिथे हजर होतात. पण लगेच खात नाहीत. थांबतात. धागा तुकडे-तुकडे झाला की मगच गिळायला सुरुवात. घंटागाडी आधी येऊन उभी राहते तसं.

२०१४ मध्ये दिसलं ते मला जास्त लागलं. नसेच्या धाग्यांना गुंडाळून बसलेल्या काही पेशी असतात, श्वान पेशी. (श्वान म्हणजे कुत्रा नव्हे, थिओडोर श्वान हा जर्मन शास्त्रज्ञ. पण काम खरंच इमानी कुत्र्यासारखं आहे, धनी मेला तरी जागा सोडत नाहीत.) ज्या माशांत या पेशी नाहीत त्यांच्यात कापलेले धागे वाढतात. वाढायचं थांबत नाहीत. पण भरकटतात. म्हणजे वाढणं आणि वाट सापडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी श्वान पेशींच्या हातात आहे. भाचीने हे सांगितलं तेव्हा मी नकळत माझी तर्जनी दाबून बघितली.

मग २०१५. माशाच्या अंगातली ही नस पुढे जाऊन वरच्या आणि खालच्या स्नायूंकडे फाटे फोडते. त्यांनी वरचा फाटा कापला. कोंब फुटून नाक्यावर आले की आता वर जायचं की खाली? फिल्ममध्ये दिसतं की कोंबांची टोकं दोन्हीकडे चाचपून बघतात आणि चुकीच्या वाटेवर गेलेली मागे फिरतात. बहुतेक धागे आपल्या मूळच्या घरी जातात. जिथे एलएच-३ नावाचं एन्झाइम नाही त्या माशांत वाढ होते, पण ही निवड बिघडते. हे एन्झाइम श्वान पेशींमध्ये लागतं. त्या पेशी नाक्यापाशी एका जातीचं कोलॅजन तयार करतात आणि स्लिट नावाच्या, धाग्यांना दूर ढकलणाऱ्या प्रथिनाशी त्याची जोडी जमते. साध्या भाषेत, चुकीच्या गल्लीच्या तोंडाशी 'इकडे नाही' अशी पाटी लागते, आणि ती श्वान पेशी लावतात.

माझ्या मनगटातल्या नाक्यावर ती पाटी नव्हती, किंवा होती आणि तीन आठवड्यांत पुसली गेली, किंवा शिवताना वेष्टनातले गठ्ठे थोडे फिरून बसले. यातलं काय झालं हे मला कुणीही सांगू शकत नाही. पण आतापर्यंत डॉक्टरांचा आणि माझा सगळा हिशेब वेगाचा होता, आज किती मिलिमीटर झालं याचा. खरा प्रश्न दिशेचा होता, आणि तो प्रश्न विचारता येतो हेच मला एका माशाच्या पिल्लामुळे कळलं.

नाना विचारतील, यातून औषध निघालं का? नाही निघालं. स्पष्ट सांगते. नसेला योग्य बोटाकडे वळवणारी गोळी आज जगात कुठेही मिळत नाही. आणि चार मिलिमीटरच्या पिल्लात दोन दिवसांत जे होतं ते माणसाच्या हातात तसंच होईल असंही नाही. माशाला केसाच्या जाडीएवढं अंतर कापायचं असतं, मला सतरा सेंटिमीटर. खांद्यापाशी नस उपटली गेलेल्या मोटारसायकलवाल्याला त्याच्या चौपट. तितक्या वेळात वाट बघणारे स्नायू वाळून जातात, दीडेक वर्षानंतर नस पोचली तरी स्नायू तिला ओळखत नाहीत. हा प्रश्न मासा एकटा सोडवणार नाही.

पण माशातून माणसापर्यंत रस्ता जातो, याचा दाखला आहे. २००९ साली अमेरिकेत केली मंक आणि विल्यम टॅल्बट यांच्या कामात झेब्राफिशमध्ये एक जनुक सापडलं, जीपीआर-१२६. ते नसेल तर श्वान पेशी धाग्यांवर वेष्टन चढवायला सुरुवातच करत नाहीत. २०१५ मध्ये माणसांत याच जनुकातल्या दोषामुळे सांधे आखडलेली बाळं जन्माला येतात हे कळलं. आणि २०१६ मध्ये उंदरांत दिसलं की इजा झालेल्या नसेच्या दुरुस्तीलाही ते लागतं. माशापासून आजारी बाळापर्यंत सहा वर्षं. संशोधनाच्या मानाने हे झटपट म्हणायचं.

आणि एक गोष्ट, आमच्या भागातली. माझं माहेर चंद्रपूर जिल्ह्यातलं. शाळेची सहल वरोऱ्याला आनंदवनात गेली होती. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये उभं केलेलं ते सगळं बघून आम्ही पोरं भारावलो, पण परत येताना बसमध्ये एक पोरगी म्हणाली, त्यांची बोटं झडतात. आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं. मीही मानलं, चाळीस वर्षांची होईपर्यंत. कुष्ठरोगात बोटं झडत नाहीत. जंतू नसेत, त्यातही श्वान पेशींमध्ये घर करतात, नस मरते, हात बधिर होतो. मग चुलीवरचा तवा लागला तरी कळत नाही, खिळा टोचला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि बोट आखूड होत जातं. माझ्या हाताला पहिल्या सहा महिन्यांत तव्याचे चार चटके बसले आणि एकही मला तेव्हा कळला नाही. वास आला म्हणून बघितलं. तेव्हा बसमधली ती पोरगी आठवली.

या जंतूचा अभ्यास करणं महाकठीण. तो प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाही आणि एकाचे दोन व्हायला जवळपास दोन आठवडे लावतो. नस नेमकी कशाने मरते यावर फार वर्षं मतभेद होते. २०१७ साली ललिता रामकृष्णन यांच्या गटाने लॉस एंजेलिसच्या अल्वारो सगास्ती यांच्यासोबत झेब्राफिशच्या आरपार पिल्लात कुष्ठरोगाचे जंतू सोडून बघितलं. (ललिताबाई बडोद्यात वाढल्या, तिथेच डॉक्टर झाल्या, आता केंब्रिजला असतात.) दिसलं असं की सुरुवातीची इजा जंतू एकटा करतच नाही. जंतू गिळलेल्या आपल्याच मॅक्रोफेज पेशी नसेपाशी जाऊन विषारी रसायन सोडतात, त्यात धाग्यांमधली ऊर्जाघरं मरतात आणि नसेचं वेष्टन फाटतं. घंटागाडीनेच घर पाडावं तसं. जंतूच्या अंगावरच्या एका मेदयुक्त पदार्थामुळे मॅक्रोफेज असं वागतात, हेही त्यांनी दाखवलं.

भारताने २००५ च्या डिसेंबरमध्ये कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचं जाहीर केलं. आजही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आपल्याकडे सापडतात, चंद्रपूर-गडचिरोलीत सापडतात. जंतू मारणाऱ्या गोळ्या आहेत, फुकट मिळतात, उत्तम काम करतात. मेलेली नस मात्र त्या परत आणत नाहीत. तेव्हा "माशाच्या नसेशी आपला काय संबंध" हे वाक्य निदान विदर्भातल्या माणसाने तरी म्हणू नये असं मला वाटतं.

बरं, मासा तरी कुठला? आपलाच. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या भातखाचरांतला, ओढ्यांतला. फ्रान्सिस हॅमिल्टन या कंपनी सरकारच्या डॉक्टरने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवर पुस्तक छापलं, त्यात याची पहिली नोंद. शास्त्रीय नावातलं 'डॅनिओ' हे बंगालीतल्या 'धानी'वरून आलेलं. मग हा मासा शोभेचा म्हणून जगभर गेला. जॉर्ज स्ट्रायसिंगर नावाच्या हौशी माणसाने अमेरिकेत ओरेगनमध्ये साठच्या दशकाच्या शेवटी त्याच्यावर काम सुरू केलं. आज जगभर वापरली जाणारी एक प्रसिद्ध जात 'एबी', ती तिथल्या दोन पेट शॉपमधल्या माशांपासून तयार झालेली. त्याचा गाजलेला पेपर आला १९८१ मध्ये. म्हणजे दहाहून जास्त वर्षं हा माणूस तसा कशाचाच 'उपयोग' न दाखवता मासे पाळत बसला होता. आपल्याकडे संशोधनाचा प्रकल्प साधारण तीन वर्षांचा मिळतो. त्याला तीन वर्षांनी विचारलं असतं, काय निघालं? तर त्याने मासे दाखवले असते. १९८४ मध्ये तो गेलाही. २०१३ मध्ये झेब्राफिशची सगळी जनुकं वाचून झाली तेव्हा कळलं की माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना माशात जोडीदार आहे.

आपल्याकडे काहीच होत नाही असंही नाही. दिल्लीच्या आयजीआयबीने २००९ मध्येच जंगली झेब्राफिशचा जिनोम वाचल्याचं जाहीर केलं होतं. मुंबईत टीआयएफआरमध्ये महेंद्र सोनवणे या माशाच्या कातडीवर काम करतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या गटाने मणक्यांमधली झिजलेली चकती माशात पुन्हा भरून येण्यामागचं एक प्रथिन शोधलं. कंबरदुखीवाल्यांनो, ते तुमच्यासाठी आहे.

पैशाचं बघू, कारण नानांचा मुद्दा तोच आहे. भारत संशोधनावर देशाच्या उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. इस्रायल ५ टक्क्यांच्या वर. २०२३ मध्ये अनुसंधान फाउंडेशनचा कायदा झाला, पाच वर्षांत ५०,००० कोटी म्हणून ठळक बातम्या आल्या. त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग आणि देणग्यांतून यायचेत. २०२५ मध्ये एक लाख कोटींची दुसरी योजना मंजूर झाली, ती तंत्रज्ञान चौथ्या पायरीपर्यंत तयार झालेल्या कामांसाठी. पहिल्या तीन पायऱ्या ज्याने त्याने आपल्या बळावर चढायच्या. नाक्यावर धागा कुठे वळतो हे बघणं तर पहिल्या पायरीच्याही खालचं आहे. कुठली कंपनी त्याला पैसे देईल? का द्यावेत? मी बँकेत आहे, अशा कर्जाची फाईल माझ्याकडे आली असती तर मीही परत पाठवली असती. म्हणूनच हे काम करातल्या पैशातून होतं. दुसरा वालीच नाही.

त्यात २०२२ च्या जुलैमध्ये सार्वजनिक संशोधन संस्थांच्या उपकरणांवरची जीएसटीची सवलत काढली, ५ टक्क्यांचे १८ झाले. एका सरकारी खिशातून दुसऱ्यात, मधल्या मधे संशोधकाचा तेवढा पैसा कमी. भाचीची फेलोशिप महिन्याला ३७,००० आहे, २०२३ मध्ये वाढली तेव्हा पोरांना आधी रस्त्यावर यावं लागलं होतं. मध्यंतरी ती चार महिने आलीच नाही. पोरगी घरून पैसे मागायला लाजली, मैत्रिणीकडून घेतले. मासे मात्र रोज दोन वेळा खायला मागतात, शनिवार-रविवारसुद्धा, ते तिने चुकवलं नाही.

नानांची एक बाजू मला खरी वाटते, ती लपवत नाही. माझं नुकसान काही मासा कमी पडल्यामुळे झालं नव्हतं. पहिल्या दिवशी कुणी कापसाचा बोळा बोटांवर फिरवून "कळतंय का?" एवढं विचारलं असतं आणि उत्तर मनावर घेतलं असतं, तर तीन आठवडे वाचले असते. त्याला ना लेसर लागतो ना जिनोम. तालुक्याच्या ठिकाणी नस शिवणारा सर्जन नाही, पॉवरलूमवर, चरकावर, प्रेसवर हात गेलेले कामगार जिल्ह्याच्या गावी पोचेपर्यंत दिवस जातात. तो पैसा आधी तिथे घाला असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. पण तो पैसा माशांच्या टाक्या विकून येणार नाही एवढं नक्की. टाक्या बंद झाल्या म्हणून कुठल्या ग्रामीण रुग्णालयात सर्जन आलाय असं माझ्या पाहण्यात नाही. आणि सगळ्यात चांगल्या सर्जनने, सगळ्यात वेळेवर शिवली तरी मोठ्या माणसाची नस पत्ता चुकते. तिथे सर्जनचं काम संपतं.

आता थोडं कामाचं. मनगट, तळवा किंवा बोट काचेने, सुरीने, मांज्याने कापलं तर टाके घालण्यापूर्वी, भुलीचं इंजेक्शन देण्यापूर्वी सांगा की पुढच्या बाजूला बधिर आहे का ते तपासा. टाके पडल्यावरही बधिर राहिलं तर सूज उतरायची वाट बघू नका, काही दिवसांच्या आत हाताच्या किंवा प्लास्टिक सर्जनला दाखवा. बधिर हात चुलीपासून, गरम भांड्यापासून जपा, डोळ्यांनी बघत काम करा. अंगावर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा दिसला तर सरकारी दवाखान्यात जा, लाजू नका. गोळ्या फुकट आहेत आणि नस मरायच्या आधी गेलात तर हात वाचतो.

नानांना मी ग्रुपवर उत्तर दिलं नाही. फोन केला, यातलं अर्धंअधिक सांगितलं. ते गप्प ऐकत होते. माझ्या हाताचं त्यांना माहीत होतं, बोटांच्या अदलाबदलीचं नव्हतं. शेवटी विचारलं, "पण सूनबाई, माशाला दुखत नाही का गं?" मी म्हटलं, भूल देतात पाण्यातून, आणि असले प्रयोग करायला संस्थेच्या समितीची परवानगी लागते. "बरं," म्हणाले. मग तर्जनीचं पुन्हा एकदा नीट विचारून घेतलं, कुठलं दाबलं की कुठलं कळतं.

फॉरवर्ड अजून तिथेच आहे.